मोटारीचा ध्यास घेतलेले अभियंता : सर विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव घेताच धरणे आणि कालवे आठवतात. परंतु भारतात मोटारगाड्या तयार व्हाव्यात यासाठीही त्यांनी उतारवयात फार मोठी धडपड केली. ती हकिकत तितकीशी परिचित नाही.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. शिकवण्या करून ते बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकले. पुढे म्हैसूर सरकारच्या साहाय्याने ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी सुमारे चोवीस वर्षे सेवा केली. पुण्याजवळील खडकवासला धरणाला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते.

परदेशप्रवास हे त्यांच्या दृष्टीने शिक्षणच होते. सेवानिवृत्तीनंतर १९०८ मध्ये ते युरोपात फिरत असतानाच, महापुराने उद्ध्वस्त झालेल्या हैदराबाद शहरासाठी त्यांना बोलावणे आले होते. पुढे १९३५ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते पुन्हा युरोप व अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. या वेळी त्यांचा हेतू मोटारनिर्मितीचा अभ्यास करणे हा होता.

त्या काळी भारतातील रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारी परदेशी होत्या. १९२८ पासून मुंबईत एक अमेरिकन कंपनी मोटारी जोडत असे, परंतु त्यांचे सुटे भाग बाहेरून येत. विश्वेश्वरय्यांना ही स्थिती खुपत होती. मोटारीला पोलाद, रबर, काच, रंग अशा अनेक वस्तू लागतात. मोटारीचा एक कारखाना उभा राहिला, की त्याच्याभोवती अनेक लहान उद्योग उभे राहतात आणि हजारो हातांना काम मिळते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच मोटार ही त्यांना केवळ श्रीमंतांची चैन वाटत नव्हती.

दौऱ्यावरून परतल्यावर त्यांनी कारखान्याची सविस्तर योजना तयार केली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि त्याने मदतीची तयारी दाखवली. परंतु १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले व मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यानंतर म्हैसूर संस्थान पुढे आले. आता कारखाना बेंगळुरूला होणार, अशी आशा निर्माण झाली. मात्र ब्रिटिश सरकारने युद्धाचे कारण पुढे करून पाठिंबा नाकारला. पैसा उभा राहण्याची शक्यता होती, जागा मिळणार होती, योजनाही तयार होती. अडले ते परक्या सत्तेच्या संमतीपाशी.

तरीही ही धडपड वाया गेली नाही. डिसेंबर १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने आणि म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने बेंगळुरूला विमानांचा कारखाना सुरू झाला. मोटारीऐवजी विमानाने त्या शहराला औद्योगिक नगरीची ओळख दिली. १९४४ मध्ये वालचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईतील कुर्ला येथे तिचा मोटारींचा कारखाना उभा राहिला. विश्वेश्वरय्यांनी पेरलेले बी अशा रीतीने दुसऱ्याच्या अंगणात रुजले.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, बेंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. आपल्या नावाचा मोटार कारखाना त्यांनी मागे ठेवला नाही. मात्र दुसऱ्या देशात काय चांगले आहे ते डोळसपणे पाहावे, आपल्या मातीत ते कसे रुजेल याचा हिशेब मांडावा आणि वयाची सबब न सांगता कामाला लागावे, हा धडा त्यांच्या जीवनातून मिळतो.