तीन गाड्या खोलल्या, पार्ट मिसळले आणि त्यातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. यामागचा माणूस म्हणजे हेन्री लेलँड

जुन्या गाडीचं इंजिन बसलं की मालकाची खरी परीक्षा सुरू होते. आधी पार्ट शोधायचा. बाजार पालथा घालून, नाहीतर भंगारातल्या दुसऱ्या गाडीतून काढून तो मिळवायचा. पण मिळाला म्हणजे झालं असं नाही. तो बसला पाहिजे. एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीत न घासता बसतो, हे आज आपण गृहीतच धरतो. पण गाड्या नव्या होत्या तेव्हा असं काही नव्हतं.

तेव्हा पार्ट साधारण मापाचा बनवायचे आणि फिटर हातात कानस घेऊन तो त्या एका इंजिनात बसेपर्यंत घासायचा. त्यामुळं पिस्टन ज्या सिलेंडरसाठी घासला, त्याचाच होऊन राहायचा. तो मोडला तर नवा पिस्टन परत घासत बसायचं.

ही पद्धत ज्याला अजिबात मान्य नव्हती तो माणूस म्हणजे हेन्री लेलँड.

लेलँडचा जन्म १८४३ सालचा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, शेतकऱ्याच्या घरात. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं तेव्हा तो स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कामाला होता. रणांगणावर बंदुकीचा एखादा भाग मोडला तर कानस घेऊन बसायला वेळ कुणाला? म्हणून तिथं एका बंदुकीचा भाग दुसरीत बसेल अशा मापात काम चालायचं. पुढं ब्राऊन अँड शार्प या कंपनीत त्यानं बरीच वर्षं काढली. ही कंपनी मोजमापाची हत्यारं आणि मशीन बनवायची. इंचाच्या हजाराव्या भागात विचार करायची सवय त्याला तिथं लागली.

१८९० मध्ये त्यानं डेट्रॉईटमध्ये स्वतःचा कारखाना काढला. गाड्यांचं युग आलं तसा तो ओल्ड्समोबाईलला इंजिनं पुरवू लागला. त्यानं जास्त ताकदीचं इंजिन बनवून दाखवलं, पण त्यासाठी गाडीत बदल करावे लागले असते, म्हणून ओल्ड्सवाल्यांनी ते नाकारलं.

१९०२ मध्ये एका बंद पडत आलेल्या कंपनीनं त्याला मशिनरीची किंमत काढायला बोलावलं. कंपनीचं नाव होतं हेन्री फोर्ड कंपनी. खुद्द फोर्ड ती सोडून गेला होता आणि भागीदारांना सगळं विकून मोकळं व्हायचं होतं. लेलँडनं किंमत तर काढलीच, पण सोबत आपलं नाकारलेलं इंजिनही दाखवलं आणि कंपनी विकू नका असा सल्ला दिला. त्यातूनच उभी राहिली कॅडिलॅक.

इथं लेलँडनं आपला हट्ट राबवला. पार्ट तपासायला खास गेज वापरली जायची. एका बाजूनं पार्ट आत गेलाच पाहिजे आणि दुसऱ्या बाजूनं गेलाच नाही पाहिजे. दोन्ही जमलं तर पास, नाहीतर बाद.

पण लोकांचा यावर विश्वास बसणार कसा? ती संधी मिळाली १९०८ मध्ये, इंग्लंडमध्ये. कॅडिलॅकच्या लंडनमधल्या डीलरनं रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या परीक्षेत गाड्या उतरवल्या. क्लबनं विक्रीला ठेवलेल्या गाड्यांतून तीन निवडल्या, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर पळवल्या आणि पूर्ण खोलल्या. एका गाडीचे ७२१ पार्ट, तिन्हींचे मिळून २,१६३. सगळे एकत्र मिसळले. वर त्यातले ८९ पार्ट बाजूला काढून त्यांच्या जागी डीलरच्या साठ्यातले स्पेअर पार्ट दिले.

मेकॅनिकच्या हातात पाने, स्क्रू ड्रायव्हर अशी साधी हत्यारं. कानस वापरायला बंदी. एक पार्ट जरी अडला असता, तरी सगळ्या जगासमोर कॅडिलॅकची नाचक्की झाली असती.

पण तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या, सुरू झाल्या आणि ट्रॅकवर ५०० मैल पळाल्या. कॅडिलॅकला मानाची डेवार ट्रॉफी मिळाली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सनं ही कंपनी विकत घेतली, पण कारभार लेलँडकडंच राहिला.

१९१७ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यानं कॅडिलॅक सोडली आणि मुलासोबत लिंकन कंपनी काढली. आधी महायुद्धासाठी विमानांची इंजिनं, मग गाड्या. गाडी उत्तम होती, पण धंदा तोट्यात गेला. १९२२ मध्ये लिंकन ८० लाख डॉलरला विकली गेली. घेणारा होता हेन्री फोर्ड. ज्या माणसाच्या सोडलेल्या कंपनीची किंमत लेलँडनं २० वर्षांपूर्वी काढली होती, त्यानंच आता लेलँडची कंपनी घेतली. काही महिन्यांतच दोघांचं बिनसलं आणि लेलँड बापलेकांना बाहेर पडावं लागलं.

१९३२ मध्ये लेलँडचं निधन झालं. कॅडिलॅक आणि लिंकन, दोन्ही नावं आजही रस्त्यावर आहेत, पण त्याचं स्वतःचं नाव कुठल्याच गाडीवर नाही. तरी भंगारातल्या एका इंजिनाचा पार्ट काढून दुसऱ्या जुन्या गाडीत बसवणारा प्रत्येक मेकॅनिक त्याच्याच हट्टावर विसंबून असतो. कानस न लावता पार्ट जागेवर बसला, की समजायचं, यात लेलँडचाही वाटा आहे.