चिक चॉकलेट : सूर उरला, नाव हरपले

भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ साली प्रदर्शित झाला आणि त्यातील गाण्यांनी महाराष्ट्राच्या काही पिढ्यांना नाचायला लावले. भगवानदादांची संथ, डुलती पावले, गीता बालीचा खेळकर अभिनय, सी. रामचंद्र यांचे संगीत, लता मंगेशकर आणि चितळकर यांचे स्वर या साऱ्यांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. याच चित्रपटात लॅटिन अमेरिकी थाटाचे पोशाख केलेला एक वाद्यवृंदही पडद्यावर दिसतो. गाणे पाहणाऱ्याची नजर नायक-नायिकेवर खिळलेली असते. त्यामुळे त्या वादकांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते चिक चॉकलेट. एकेकाळी मुंबईच्या हॉटेलांमध्ये ज्यांच्या नावावर गर्दी जमत असे, ज्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई, ते हे ट्रम्पेटवादक. आज त्यांचा सूर असंख्य श्रोत्यांच्या ओळखीचा आहे. नाव मात्र मोजक्या जाणकारांपुरते उरले आहे.

चर्चच्या शाळेतील स्वरलिपी

चिक चॉकलेट हे रंगमंचावरचे नाव. मूळ नाव अन्तोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना अक्षरओळखीबरोबरच पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी शिकवली जाई. प्रार्थनेच्या वेळी गाण्यासाठी आणि सणासमारंभात वाजवण्यासाठी चर्चला वादक हवे असत, हा त्यामागचा साधा हेतू. परंतु या व्यवस्थेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. समोर ठेवलेला स्वरलिपीचा कागद पाहून तत्क्षणी वाजवू शकणाऱ्या वादकांच्या पिढ्याच्या पिढ्या गोव्यात तयार झाल्या. शेती आणि मासेमारी यांवर सर्वांचे पोट भरणे शक्य नव्हते. त्यामुळे हे तरुण व्हायोलिन किंवा ट्रम्पेट घेऊन ब्रिटिश हिंदुस्थानात उपजीविकेसाठी बाहेर पडू लागले. मुंबईत धोबीतलाव परिसरातील गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, म्हणजे 'कुडां'मध्ये, त्यांना आसरा मिळे.

मुलाने यंत्रदुरुस्तीसारखे एखादे खात्रीचे काम शिकावे, अशी वाझ यांच्या आईची इच्छा होती. मुलाचे मन मात्र ट्रम्पेटमध्ये गुंतले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेले जॅझ संगीत तबकड्यांच्या रूपाने हिंदुस्थानात पोहोचले होते. लुई आर्मस्ट्राँग हे या तरुणाचे आराध्यदैवत झाले. त्यांची वाजवण्याची ढब, रंगमंचावरील वावर, श्रोत्यांशी नाते जोडण्याची हातोटी हे सारे वाझ यांनी एकलव्याच्या निष्ठेने आत्मसात केले. चर्चच्या शाळेने स्वरलिपी दिली होती. कागदावर नसलेले, मनात त्या क्षणी उमटलेले वाजवण्याचे धाडस जॅझने दिले.

हॉटेलांतील रात्री

मुंबईला जॅझची प्रत्यक्ष ओळख झाली ती १९३५ मध्ये. त्या वर्षी लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड यांसारखे वादक या शहरात आले. मायदेशी वर्णद्वेषाचे चटके सोसणाऱ्या या कलावंतांना येथे मान मिळाला आणि गोव्याच्या तरुण वादकांना साक्षात गुरू लाभले. याच वातावरणात चिक चॉकलेट घडले. 'स्पॉटलाइट्स' या वाद्यवृंदातून सुरुवात करून त्यांनी पुढे 'म्युझिक मेकर्स' हा स्वतःचा अकरा वादकांचा संच उभा केला. १९४५ मध्ये इतर वाद्यवृंदांशी स्पर्धा करून या संचाने ग्रीन्स हॉटेलचा करार मिळवला. ग्रीन्स हे ताजच्या शेजारचे हॉटेल. पुढे ते पाडले गेले आणि त्या जागी ताजची मनोऱ्याची इमारत उभी राहिली.

वाद्यवृंदांचे आयुष्य ऋतूंवर चाले. हिवाळा मुंबईत आणि उन्हाळा मसुरीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी, असा वादकांचा क्रम असे. हे संच कोणत्याही चित्रपटावर अवलंबून नव्हते. त्यांचा श्रोता समोर बसलेला असे, त्यांची कमाई त्या रात्रीच्या वादनावर ठरे आणि वाद्यवृंदाचे नाव हीच त्यांची पत असे. चित्रपटसृष्टीच्या बाहेर राहून स्वतःचे संगीत वाजवणाऱ्या संचांना आज 'इंडी पॉप' म्हटले जाते. त्या अर्थाने पाहिले, तर चिक चॉकलेट आणि त्यांचे समकालीन हे मुंबईतील त्या परंपरेचे पूर्वसूरीच ठरतात.

दारूबंदी आणि स्टुडिओची वाट

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र पालटले. नृत्याच्या रात्रींना आश्रय देणारा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आणि संस्थानिकांचा वर्ग विरळ होत गेला. १९४९ मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला आणि १९५० पासून त्याची कडक अंमलबजावणी सुरू झाली. हॉटेलांच्या नृत्यदालनांचे उत्पन्न घटले. वादकांना दुसरी वाट शोधणे भाग होते आणि ती वाट दादर, परळ, ताडदेव परिसरातील चित्रपट स्टुडिओंकडे जात होती.

स्टुडिओंनाही या वादकांची नितांत गरज होती. हिंदी चित्रपटांचे बहुतेक संगीतकार रागसंगीताच्या किंवा लोकसंगीताच्या परंपरेतून आलेले. पेटीवर चाल बसवणे त्यांना सहज साधे. परंतु वीस-पंचवीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचे, हे कागदावर उतरवण्याचे शास्त्र बहुतेकांना अवगत नव्हते. ते काम गोव्याच्या वादकांनी उचलले. संगीतकार चाल ऐकवी. सहायक ती स्वरलिपीत टिपून घेई, प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढी आणि दोन कडव्यांमधील सुरावटी रचण्यात हातभार लावी. एक-दोन ध्वनिग्राहकांसमोर सारा ताफा एकत्र वाजवत असे. एकाची चूक झाली, तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असा चिक यांचा दिनक्रम झाला.

पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि हळदोण्याचे चिक चॉकलेट यांची जोडी येथे जमली. रामचंद्र यांचे शिक्षण पुण्यातील विनायकबुवा पटवर्धनांच्या परंपरेतले. मात्र पाश्चात्त्य नृत्यसंगीताचे त्यांना कमालीचे आकर्षण. चिक त्यांचे सहायक झाले. 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' या चित्रपटांतील गाण्यांत लॅटिन अमेरिकी ठेका, बोंगो, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांचा जो उसळता मेळ ऐकू येतो, त्यामागे नृत्यदालनांतील हजारो रात्रींचा अनुभव उभा आहे. 'शोला जो भडके' या गाण्याची रंगत निम्मी शब्दांत, तर निम्मी वाद्यांत आहे.

चिक यांनी स्वतंत्र संगीतकार म्हणूनही नशीब आजमावले. 'नादान' (१९५१), 'रंगीली' (१९५२) आणि 'कर भला' (१९५६) हे त्यांच्या नावावरील चित्रपट. या चित्रपटांना त्यांच्या कारकिर्दीला कलाटणी देणारे यश लाभले नाही आणि चिक पुन्हा सहायकाच्या भूमिकेकडे वळले. मदनमोहन यांच्यासाठीही त्यांनी काम केले.

हट्ट्यापर्यंतचा प्रवास

मुंबईच्या हॉटेलात जन्मलेला हा सूर किती दूरवर पोहोचला, हे मराठवाड्याच्या नकाशावर पाहण्यासारखे आहे. बसमत तालुक्यातील हट्टा हे गाव त्या काळी परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये अस्तित्वात आला. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राजवटीत होता. हट्ट्यासारख्या गावांत नृत्यदालन असण्याचा प्रश्नच नव्हता. तेथील भजनी मंडळे आणि जात्यावरच्या ओव्या यांच्या जगाशी जॅझचा दुरान्वयानेही संबंध नव्हता.

तरीही हा सूर अशा गावांपर्यंत गेला. जत्रेतल्या तंबूतील सिनेमाने तो नेला, रेडिओने नेला. १९५२ मध्ये आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, तेव्हा श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याहूनही महत्त्वाचे माध्यम ठरले ते लग्नाच्या वरातीपुढे वाजणाऱ्या बँडपार्टीचे. बँडवाल्यांना गाण्याचे शब्द वाजवता येत नाहीत. त्यांना सुरावटच वाजवावी लागते. त्यामुळे चित्रपटगीतांच्या मधल्या जागा, म्हणजे वाद्यवृंदाने रचलेला भाग, बँडवाल्यांनी कानाने टिपला आणि आपल्या पितळी वाद्यांवर उतरवला. चर्चच्या शाळेत शिकलेल्या वादकाचे काम स्वरलिपीचा गंधही नसलेल्या वादकाच्या हाती असे पोहोचले. दोघांमध्ये एक साम्य मात्र विलक्षण होते. वरातीतल्या वादकाचेही नाव कोणी विचारत नाही आणि स्टुडिओतल्या वादकाचेही कोणी विचारले नाही.

नाव कोठे हरवले?

याचे कारण समजून घ्यायला हवे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर चित्रपटाचे, गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापले जाई. तेवढीच जागा होती आणि तेवढीच प्रथा. वादकाला दिवसाचा मेहनताना मिळाला की त्याचा त्या गाण्याशी असलेला संबंध संपे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले, तरी मानधनात किंवा श्रेयात त्याचा वाटा नसे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड या थोर संगीत संयोजकांच्या वाट्यालाही थोड्याफार फरकाने हेच आले. त्यांपैकी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका गाण्यामुळे घराघरांत पोहोचले. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना मात्र ते एखाद्या काल्पनिक पात्राचे नाव वाटले.

चिक चॉकलेट पडद्यावर पुन्हा दिसले ते चेतन आनंद यांच्या 'आखरी खत' (१९६६) या चित्रपटात. खय्याम यांच्या संगीतातील क्लबच्या गाण्यात तरुण भूपिंदर सिंग गातात आणि त्यांना ट्रम्पेटची साथ चिक देतात. त्या छायाचित्रणाला आज दस्तऐवजाचे मोल आहे, कारण त्यानंतर थोड्याच काळात, मे १९६७ मध्ये, मुंबईत चिक यांचे निधन झाले. वयाची पन्नाशी त्यांनी नुकतीच गाठली होती. तोवर नृत्यसंगीताची अभिरुचीही बदलली होती. गिटार घेतलेल्या तरुणांचे छोटे संच पुढे येत होते आणि ट्रम्पेटच्या मोठ्या वाद्यवृंदांचा काळ सरत होता.

पुढील चार दशके चिक चॉकलेट हे नाव मुख्यतः त्यांचे सहकारी, कुटुंबीय आणि जुन्या तबकड्यांचे संग्राहक यांच्यापुरते राहिले. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासाला शिस्त आणली. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओ वादकांवर लिहिलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रकाशित झाला. त्यानंतर काही वर्षांतच नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकाने मुंबईच्या जॅझयुगाचा पट उलगडला आणि चिक यांचे नाव नव्या वाचकांसमोर आले. बार्द्रोय बार्रेटो यांच्या 'नाचोम-इया कुम्पासार' (२०१४) या कोकणी चित्रपटाने गोव्याच्या विस्मृत वादकांची व्यथा पडद्यावर आणली. भगवानदादांच्या जीवनावरील 'एक अलबेला' हा मराठी चित्रपटही २०१६ मध्ये आला.

विस्मृतीत गेलेल्या वाद्यवृंदांचा शोध घेणे हा म्हणूनच केवळ जुन्याच्या हौसेचा भाग नाही. तो श्रेयाचा हिशेब आहे. इंटरनेटवर आज एखादे जुने गाणे क्षणार्धात सापडते. परंतु तेथेही बहुधा तीच तीन नावे दिसतात, जी सात दशकांपूर्वी तबकडीवर छापली गेली. यादी नवी झाली, रीत जुनीच राहिली. आपले संगीत स्वतःच्या बळावर श्रोत्यांपर्यंत नेणारे आजचे तरुण संच आपल्या प्रत्येक वादकाचे नाव गाण्यासोबत आवर्जून देऊ लागले, तर हळदोण्याच्या या ट्रम्पेटवादकाच्या वाट्याला आलेली उपेक्षा पुढच्या पिढीला तरी टळेल. 'अलबेला' पुन्हा पाहताना प्रेक्षकांनी नायकावरची नजर क्षणभर हटवून मागच्या वाद्यवृंदाकडे वळवली, तर तेवढीही कृतज्ञता कमी ठरणार नाही.