विश्लेषण : एक काडतूस, दोन की पाच? जिम कॉर्बेट यांनी रायफल कशी निवडली?

नरभक्षक वाघांच्या मागावर पायी आणि बहुतेकदा एकट्याने जाणारे शिकारी म्हणून जिम कॉर्बेट यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांच्या कथा अनेकांनी वाचल्या आहेत. त्यांच्या हातात कोणती रायफल होती, तिच्यात किती काडतुसे बसत आणि तीच का निवडली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांच्या वेळी शिकारीच्या रायफलींमध्ये मोठा बदल होत होता. ठासणीच्या बंदुकीपासून पाच काडतुसांच्या मॅगझिनपर्यंतचा हा प्रवास त्यांनी एका आयुष्यात केला.

सुरुवात कोणत्या बंदुकीने झाली?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच ते वारले. मोठे कुटुंब, बेताची मिळकत. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीला, असा क्रम असे. कालाढुंगीच्या जंगलातच ते पक्ष्यांचे आवाज आणि जनावरांच्या पाऊलखुणा ओळखायला शिकले.

लहानपणी त्यांच्या हाती आली ती ठासणीची दुनाळी. तिची एक नळी तडकलेली असल्याने कामाची एकच. दारू आणि छरे नळीच्या तोंडातून भरायचे, ठासायचे, मगच बार काढायचा. दुसरा बार काढायला एवढा वेळ लागे की जनावर तोवर नाहीसे झालेले असे. पुढे शाळकरी वयात त्यांना मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. ती मागून भरायची, पण मॅगझिन नसलेली. खालचा लिव्हर ओढायचा, एक काडतूस हाताने घालायचे, लिव्हर मिटायचा. याच रायफलने त्यांनी पहिला बिबट्या मारला. एकच गोळी हाताशी असली की ती वाया न घालवण्याची सवय लागते. ती सवय त्यांना शेवटपर्यंत उपयोगी पडली.

शिकार हा त्यांचा व्यवसाय होता का?

नाही. अठराव्या वर्षाच्या सुमारास ते रेल्वेच्या नोकरीत लागले. नंतर बिहारमध्ये गंगेकाठच्या मोकामा घाटावर त्यांनी माल चढवण्या-उतरवण्याचे कंत्राट घेतले आणि वीसहून अधिक वर्षे ते काम केले. नरभक्षकाची बातमी आली की ते रजा काढून कुमाऊंला जात. त्यांच्या अटी दोन असत. जनावरावर लावलेले बक्षीस रद्द करायचे आणि इतर शिकाऱ्यांना त्या भागातून परत बोलवायचे. पैशासाठी मारणारा म्हणून आपली ओळख व्हावी, हे त्यांना नको होते. दुसऱ्याची चुकलेली गोळीही लागायला नको होती.

चंपावतला तीन काडतुसांचे काय झाले?

१९०७ मध्ये ते चंपावतच्या वाघिणीच्या मागावर गेले. नेपाळ आणि कुमाऊं मिळून तिच्या नावावर ४३६ बळी नोंदले गेले होते. कॉर्बेट यांच्याकडे .५०० बोअरची दुनाळी रायफल होती आणि काडतुसे फक्त तीन. त्यांचा हिशेब सरळ होता. एक मारण्यासाठी, दुसरे गरज पडल्यास आणि तिसरे अडचणीसाठी.

तहसीलदाराच्या मदतीने गावकऱ्यांचा हाका झाला. वाघीण बाहेर आली. तिन्ही काडतुसे संपली, तरी जखमी वाघीण समोर उभीच होती. कॉर्बेट धावत तहसीलदारापर्यंत गेले आणि त्यांची जुनी बंदूक हिसकावून परत आले. त्या बंदुकीचे सांधेही नीट जुळत नव्हते. तिची गोळी नेम धरलेल्या जागी न लागता पंजाला लागली. वाघीण आधीच्याच जखमांनी संपत आली होती, म्हणून पडली. पुढे नैनितालच्या दरबारात तहसीलदारांना बंदूक मिळाली. कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन हेवेट यांनी .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसवलेली होती.

या रायफलीचे मॅगझिन वेगळे कसे होते?

त्या काळी मॅगझिनचे चार मुख्य प्रकार होते. पहिला, नळीखालच्या लांब नळकांड्याचा. त्यात काडतुसे एकामागे एक बसतात. टोकदार गोळी असेल तर तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या मागच्या टोपीला टेकते आणि धक्क्याने स्फोट होण्याचा धोका राहतो. शिवाय काडतुसे संपत जातात तसा रायफलचा तोल बदलतो. दुसरा, काढता येणारी पेटी. ती झटपट बदलता येते, पण खाली बाहेर आलेली असते आणि चालताना कुठे पडली तर रायफल एकबारी होते. तिसरा, फिरत्या चकलीचा. त्यात काडतुसे सुरळीत सरकतात, पण रचना गुंतागुंतीची.

चौथा प्रकार जर्मन अभियंते पॉल माउझर यांचा. रिग्बी रायफल माउझरच्याच यंत्रणेवर बांधलेली होती. यात पेटी लाकडी दस्त्याच्या आतच बसवलेली असते. पाच काडतुसे दोन रांगांत, एकाआड एक रचली जातात. त्यामुळे पेटी उथळ राहते आणि खाली काहीच बाहेर येत नाही. खालची स्प्रिंग काडतूस वर ढकलते. ते वर येताच बोल्टची आकडी त्याच्या मागच्या कडेला पकडते आणि नळीत जाईपर्यंत सोडत नाही. रायफल तिरकी असो वा उलटी, काडतूस निसटून अडकण्याची शक्यता कमी होते. नरभक्षकासमोर असे अडकणे जिवावरच बेतते.

मग दुनाळी रायफल त्यांनी सोडून दिली का?

सोडली नाही. त्यांच्याकडे .४५०/४०० बोअरची जड दुनाळीही होती. हिशेब असा. दुनाळीत काडतुसे दोनच, पण प्रत्येक नळीला स्वतंत्र चाप. पहिली गोळी सुटल्यावर बोल्ट ओढावा लागत नाही. आवाज नाही, हालचाल नाही, दुसरी गोळी लगेच. एक बाजू बिघडली तरी दुसरी चालते. तिची गोळी सुमारे २६ ग्रॅमची, तर रिग्बीची साधारण ९ ते ११ ग्रॅमची. जवळून अंगावर येणाऱ्या वाघाला थोपवायला जड गोळी बरी. मात्र वजनही जास्त आणि धक्काही. डोंगरात दिवसभर पायी फिरताना हलकी रिग्बी सोयीची.

म्हणूनच काम पाहून ते रायफल निवडत. ३० नोव्हेंबर १९३८ च्या संध्याकाळी ठाकची वाघीण त्यांनी जड दुनाळीनेच मारली. उजेड जवळजवळ संपला होता आणि वाघीण अगदी जवळ आली होती.

पाच काडतुसे खरोखर लागली का?

त्यांच्या दोन गाजलेल्या प्रसंगांत एकच गोळी पुरली. रुद्रप्रयागच्या बिबट्याने आठ वर्षांत १२५ माणसे मारल्याची सरकारी नोंद होती. मे १९२६ मध्ये गुलाबरायच्या आंब्याच्या झाडावरून कॉर्बेट यांनी त्याच्यावर गोळी झाडली. रायफलला लावलेला टॉर्च क्षणभर पेटून विझला होता. तेवढ्या उजेडात एकच गोळी गेली आणि ती लागली.

दुसरा प्रसंग १९३० मधला, चौगढच्या वाघिणीचा. कॉर्बेट यांच्या डाव्या हातात एका पक्ष्याची दोन अंडी होती आणि उजव्या हातात हलकी रायफल. एका खडकाला वळसा घालताच वाघीण जेमतेम आठ फुटांवर दिसली. झटकन वळले असते तर तिने झेप घेतली असती. त्यांनी एकाच हाताने रायफल अगदी सावकाश फिरवली आणि गोळी झाडली. जड दुनाळी अशी एका हाताने पेलणे कठीण होते. मॅगझिनमध्ये उरलेल्या काडतुसांपेक्षा रायफलचे कमी वजन त्या क्षणी जास्त मोलाचे ठरले.

पुढे रायफलची जागा कॅमेऱ्याने का घेतली?

कॉर्बेट मौजेच्या शिकारीपासून दूर होत गेले. वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्या छायाचित्रांचा प्रभाव पडून त्यांनी वाघांचे चित्रण सुरू केले. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन होण्यात त्यांचा वाटा होता. १९४४ मध्ये त्यांचे ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊं’ मुंबईतून प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. जखम किंवा म्हातारपण यामुळे लाचार झालेला वाघच बहुधा माणसाकडे वळतो, हे त्यांनी त्यातून मांडले. काही वाघांना जखमा शिकाऱ्यांच्याच चुकलेल्या गोळ्यांच्या असत. म्हणजे घाईने झाडलेली जादा गोळी नवा नरभक्षक घडवू शकते.

१९४७ मध्ये बहीण मॅगी यांच्यासह ते मुंबईहून बोटीने केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. पुढे उद्यानाला त्यांचे नाव मिळाले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तेथूनच झाली. त्याआधीच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली होती.

त्यांची रिग्बी रायफल २०१६ मध्ये काही दिवसांसाठी कुमाऊंला आणण्यात आली, तेव्हा ती पाहायला गावकरी जमले. कालाढुंगीजवळ त्यांनी वसवलेले छोटी हल्द्वानी गाव आजही नांदते आहे.