थिओडोर कोखर : रोग्यांना परत बोलावणारा शल्यविशारद

शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या परिचारिकेपुढे कोकर हा शब्द उच्चारला की तिचा हात आपोआप एका चिमट्याकडे जातो. टोकाशी दात असलेला, धरलेले सोडू न देणारा तो चिमटा. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ भगिनी या सेवेत आहेत आणि सिल्वासा, दमण, वापीकडील इस्पितळांतून त्यांनी तो कितीतरी वेळा डॉक्टरांच्या हाती दिला असेल. पण हे एका माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस श्रद्धावंत ख्रिस्ती होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच्या नावाचा खरा उच्चार कोखर असा आहे. त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्हांस आणखी एक कारण आहे. हल्ली ज्या घरी जावे तेथे कोणाची ना कोणाची थायरॉईडची गोळी चालू असते. ही ग्रंथी शरीरात काय करते हे जगाला कसे कळले, ती कथा बव्हंशी या माणसाच्या आयुष्याशी जोडलेली आहे.

एमिल थिओडोर कोखर यांचा जन्म २५ ऑगस्ट १८४१ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी झाला. वडील इंजिनियर होते. आई मोरेव्हियन बंधुमंडळीची होती. झिंझेनडॉर्फ आणि हेर्नहूट ही नावे आपल्या शब्बाथ शाळांच्या शिक्षकांना परिचयाची आहेतच. याच मंडळीचे मिशनरी १८५० च्या दशकात आपल्या देशात हिमालयातील लाहौलपर्यंत पोहोचले होते. आईची ही श्रद्धा थिओडोरने जन्मभर जपली. हातून चांगले झाले काय किंवा वाईट झाले काय, तो हिशेब देवापुढे मांडण्याची त्यांची वृत्ती होती.

१८६५ साली ते डॉक्टर झाले. नंतर बर्लिन, लंडन, पॅरिस येथील नामांकित शल्यविशारदांचे काम त्यांनी जवळून पाहिले आणि बर्नला परत येऊन प्राध्यापक ल्यूके यांचे साहाय्यक झाले. १८७२ मध्ये ल्यूके स्ट्रासबुर्गला गेले व जागा रिकामी झाली. विद्यापीठाच्या प्राध्यापकांना बाहेरचा उमेदवार हवा होता, विद्यार्थ्यांना मात्र कोखर हवे होते. अखेर बर्नच्या सरकारने कोखर यांच्या बाजूने कौल दिला. वयाची एकतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यानंतर मरेपर्यंत, पंचेचाळीस वर्षे, त्यांनी ते इस्पितळ सोडले नाही.

त्या काळचे स्वित्झर्लंड म्हणजे गलगंडाचा मुलूख. (गलगंड आणि गंडमाळ यांची पुष्कळदा गल्लत होते. गंडमाळ ही बहुधा क्षयामुळे सुजलेल्या गाठींची माळ, तर गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढच्या भागी थायरॉईड ग्रंथी वाढून येणारी सूज.) डोंगराळ मुलखातील जमिनीतले आयोडिन पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने वाहून जाते. पिकांत ते उतरत नाही, गुरांच्या दुधात येत नाही, आणि माणसाच्या गळ्यातील ग्रंथी मिळेल तेवढे आयोडिन ओढून घेण्यासाठी फुगत जाते. काहींचा गलगंड इतका मोठा होई की श्वासनळी दाबली जाऊन माणूस गुदमरू लागे. शिवाय अशा खोऱ्यांतून कित्येक मुले जन्मतःच खुजी, बहिरी आणि खुंटलेल्या बुद्धीची निपजत. लोक ते दैव मानीत.

हा गळ्याचा गोळा कापून काढणे म्हणजे मृत्यूला बोलावणे, असे जुने शल्यविशारद म्हणत, आणि ते खोटे नव्हते. या ग्रंथीला रक्ताचा पुरवठा इतका मोठा की रोगी टेबलावरच रक्तस्रावाने जाई, वाचला तर जखम कुजून जाई. कोखर यांनी घाई सोडली. त्या काळी वेगाने कापणाऱ्याला लोक वाखाणत असत. हा मनुष्य मात्र एकेक रक्तवाहिनी शोधून, चिमट्यात धरून, बांधून मगच पुढे सरके. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती त्यांनी लवकर उचलली. स्वरयंत्राची नस दुखावू नये म्हणून ते विशेष जपत. १८८३ पर्यंत त्यांच्या सुमारे शंभर शस्त्रक्रिया झाल्या होत्या व त्यांत दर शंभरी सुमारे तेरा रोगी दगावले होते. पुढे पुढे हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. आयुष्यभरात त्यांनी अशा सुमारे पाच हजार शस्त्रक्रिया केल्या.

येथवरची हकीकत एका यशस्वी डॉक्टराची आहे. आमच्या मते कोखर यांचे मोठेपण याच्या पुढे सुरू होते.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी समूळ काढली होती. त्या वेळी अर्धी ठेवणे आणि सगळी काढणे यांत काही भेद आहे असे कोणालाच वाटत नव्हते, कारण ग्रंथीचा उपयोगच माहीत नव्हता. जखम उत्तम भरली, मुलगी घरी गेली. काही दिवसांनी तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवले की मुलीचा स्वभाव पार पालटला आहे, ती मंद आणि उदास झाली आहे. कोखर यांनी त्या वेळी या बातमीला फार महत्त्व दिले नाही.

सप्टेंबर १८८२ मध्ये जिनीव्हा येथे एका परिषदेत त्यांची गाठ तेथील शल्यविशारद झाक रेव्हेर्दँ यांच्याशी पडली. ग्रंथी काढलेल्या आपल्या काही रोग्यांत पुढे विचित्र बदल दिसतात, असे रेव्हेर्दँ यांनी सांगितले. तेव्हा कोखर यांना ती मुलगी आठवली असली पाहिजे. बर्नला परतल्यावर त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांना पत्रे धाडून परत बोलावले. बरे झाले म्हणून ज्यांची नावे वहीत लिहिली गेली होती, तेच हे लोक.

ज्यांची अर्धीच ग्रंथी काढली होती ते ठणठणीत होते. समूळ काढलेल्यांपैकी अठरा जण आले, त्यांतील सोळांची अवस्था पाहवत नव्हती. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, केस विरळ, हातपाय थंड, जीभ जड, बोलणे संथ, विचार त्याहून संथ. त्या मुलीची एक धाकटी बहीण होती. शस्त्रक्रियेपूर्वी दोघींत लोकांना फरक ओळखू येत नसे, इतके त्यांचे साम्य होते. नऊ वर्षांनी धाकटी भरल्या अंगाची, हसरी तरुणी झाली होती. थोरली तिच्या खांद्यालाही पुरत नव्हती, आणि तिची मुद्रा डोंगरातल्या त्या खुंटलेल्या मुलांसारखी झाली होती. दोघी बहिणींचे शेजारी उभे असलेले चित्र पुढे वैद्यकाच्या पुस्तकांतून छापले गेले.

एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथे जर्मन शल्यविशारदांची सभा भरली. नाव झालेला बेचाळीशीतील प्राध्यापक त्या सभेपुढे उभा राहिला आणि आपल्याच सुरीने काय केले ते त्याने आकड्यांनिशी सांगितले. यापुढे साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी आपण काढणार नाही, हेही त्यांनी जाहीर केले. या शोधाचा पहिला मान कोणाचा यावरून त्यांच्यात आणि रेव्हेर्दँ यांच्यात पुढे कटुता आली. ती टाळता आली असती तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते. या व्यथेचे कारण सांगताना कोखर चुकलेही. श्वासनळी अशक्त होऊन प्राणवायू कमी पडतो म्हणून हे घडते, असा त्यांचा तर्क होता. त्याच वर्षी लंडनच्या फेलिक्स सेमन यांनी सुचवले की जन्मजात खुंटलेली मुले, मध्यम वयात सुजत व मंदावत जाणाऱ्या स्त्रिया आणि कोखर यांचे रोगी या तिघांचे दुखणे एकच आहे, ग्रंथीचे काम थांबणे. लंडनमधील एका समितीने पाच वर्षे तपास करून १८८८ मध्ये ते मान्य केले. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी न्यूकॅसल येथे मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून अशा एका स्त्रीला पुन्हा हिंडती फिरती केली. ग्रंथीतील मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, अमेरिकेत केंडल यांनी शुद्ध स्वरूपात हाती धरले तो दिवस १९१४ सालच्या नाताळाचा होता. आज आपल्या घरोघरी सकाळी अनशापोटी जी गोळी घेतली जाते ती हेच द्रव्य, कारखान्यात बनवलेले.

येथे एक कोडे सांगितले पाहिजे. त्याच काळी व्हिएन्नाचे थोर शल्यविशारद बिलरोथ हेही गलगंड काढीत. त्यांचे रोगी सहसा मंदावत नसत. पण त्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत बोटांना मुंग्या येत, हात वाकडे होऊन आखडत आणि झटके येऊन ते मरतही. असे का, याचा उलगडा दोघांचेही काम पाहिलेल्या अमेरिकन शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी पुढे केला. थायरॉईडच्या पाठीमागे तांदळाच्या किंवा मसुराच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथी असतात, परावटू ग्रंथी. रक्तातील कॅल्शियम सांभाळणे एवढेच त्यांचे काम. बिलरोथ झपाट्याने कापीत, त्यात थायरॉईडचे तुकडे मागे राहत पण हे दाणे निघून जात. कोखर सावकाश आणि अगदी स्वच्छ कापीत, दाणे जागच्या जागी राहत आणि थायरॉईड कणही न उरता निघून जाई. कोखर यांच्या नीटनेटकेपणानेच त्या मुलीचे नुकसान केले होते. माणसातील या दाण्यांचे नीट वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्येच केले होते, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्याहीपूर्वी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या आपल्या भारतीय गेंड्यात रिचर्ड ओवेन यांना ते दिसले होते!

हे सारे आता वाचून कळते, पण मंडळीत वावरताना चटकन लक्षात येत नाही. उपासनेला नियमित येणारी एखादी भगिनी हल्ली मागच्या बाकावर पेंगते, उन्हाळ्यातही शाल घेते, जाड होत चालली आहे, आवाज घोगरा झाला आहे, गीतात पूर्वीसारखा सूर लागत नाही. आपण म्हणतो, उत्साह मावळला. वर्गातील एखादे मूल उंचीत मागे राहते, उत्तर उशिरा देते आणि आपण त्याला आळशी म्हणतो. अशा ठिकाणी रक्ताची एक साधी तपासणी सुचवावी. नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा दोष कळतो आणि पहिल्या दोनतीन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी वाचते. गरोदर बाईने तर ही गोळी मनाने कधीच बंद करू नये. लोहाची अगर कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर न घेता काही तासांनी घ्यावी. परावटूचे दुखणे याहून चोरटे असते. वारंवार मूतखडा, हाडे दुखणे, बद्धकोष्ठ, विनाकारण खिन्नता ही कॅल्शियम वाढल्याची चिन्हे असू शकतात. उलट गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर उद्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

१९०९ मध्ये कोखर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले शल्यविशारद. १९१२ मध्ये त्यांनी बर्न येथे संशोधन संस्थेसाठी दोन लाख फ्रँक दिले. त्यांचे ग्रंथ, पोटावरचा त्यांच्या नावाचा छेद, निखळलेला खांदा बसवण्याची त्यांची रीत यांवर स्वतंत्र लेख होईल. युद्धात गोळ्यांनी होणाऱ्या जखमाही त्यांनी अभ्यासल्या आणि गोळ्यांनी निदान कमी छिन्नविच्छिन्न करावे असा आग्रह धरला.

जगभरचे रोगी बर्नला येत. १९१३ च्या उन्हाळ्यात रशियातून हद्दपार झालेला एक क्रांतिकारक आपल्या पत्नीला घेऊन आला. तिची ग्रंथी मंदावलेली नव्हती, उलट बेफाम चालत होती. अशा रोग्याची छाती धडधडते, हात कापतात, खाऊनही अंग झडते, उष्मा सोसवत नाही, डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. पाळी येईपर्यंत दोघांना बरेच ताटकळावे लागले आणि नवरा वैतागला. त्याचे नाव लेनिन. धर्मावर विश्वास नसलेल्या त्या माणसाची बायको, क्रुपस्काया, या श्रद्धावंत वृद्ध डॉक्टराच्या हातून वाचली आणि त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक जगली.

२७ जुलै १९१७ रोजी कोखर यांचा बर्न येथे अंत झाला. मृत्यूच्या थोडे दिवस आधीपर्यंत ते शस्त्रक्रिया करीत होते. गलगंड मुळातच होऊ नये यासाठी सर्वांना आयोडिन द्यावे की नाही याविषयी मात्र ते अखेरपर्यंत साशंक राहिले, कारण जास्त आयोडिनाने ग्रंथी बेफाम झालेले रोगी त्यांनी पाहिले होते. त्यांच्यानंतर पाचच वर्षांनी, १९२२ मध्ये, स्वित्झर्लंडमधील आपेन्झेल प्रांतात अगदी अल्प प्रमाणात आयोडिन मिसळलेले मीठ विकू लागले, आणि त्या देशात तशी खुंटलेली मुले जन्मण्याचे हळूहळू थांबले. आपल्याकडे डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात हाच प्रयोग करून दाखवला व १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आमच्याकडे समुद्र जवळ असल्यामुळे पुष्कळांना वाटते की समुद्राच्या मिठात आयोडिन असतेच. आगरातील साध्या मिठात ते नावापुरतेही उरत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडिन लागते, म्हणजे सबंध आयुष्यात चमचाभर, पण ते थोडे थोडे रोज लागते. खाण्यासाठी आयोडिनविरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे, तरी गुरांसाठी आणि कातड्यांसाठी आणलेले सुटे खडे मीठ स्वस्त म्हणून चुलीपर्यंत पोहोचतेच. पिशवीवर आयोडिनयुक्त असे छापलेले पाहून घ्यावे, मीठ झाकणाच्या बरणीत ओल आणि उन्हापासून दूर ठेवावे, आणि भाजी उतरवताना शेवटी घालावे.