सेवासदनच्या रमाबाई

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ मध्ये, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने त्यांना शिकविले. त्यापायी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे मात्र रमाबाईंनाच सोसावे लागले. १९०१ मध्ये त्यांना वैधव्य आले.

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले व रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. त्या काळी बाळंतपण अंधाऱ्या खोलीत होई. सुईणीचा हात अनुभवी असे. पण स्वच्छतेचे ज्ञान तिला कोणी दिलेच नव्हते. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे अर्भकाला धनुर्वात होई, बाळंतिणीला सूतिकाज्वर जडे. सेवासदनने ससून रुग्णालयात परिचारिका व सुईणींच्या शिक्षणाची सोय केली. खरी अडचण विद्यार्थिनी मिळविण्याची होती. परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे, विटाळाच्या कामाला हात लावणे उच्चवर्णीय घरांना कमीपणाचे वाटे. ही समजूत दूर करणे रुग्णालय बांधण्याहून कठीण होते. रमाबाईंनी ते काम चिकाटीने केले.

१९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर सेवासदनात शिकलेल्या अनेक विधवा स्वतःच्या कमाईवर जगत बाळंतिणींच्या उशाशी बसू लागल्या होत्या.