कै. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

समाजातील थोर पुरुषांचे चरित्र वार्षिक स्मरणिकेत देण्याच्या प्रघातास अनुसरून यंदा आम्ही कै. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात यांचे पुण्यस्मरण करीत आहोत. त्यांचे रणांगणावरील शौर्य सर्वश्रुत आहे. परंतु वरिष्ठांस न रुचणारे सत्य वेळेवर सांगण्याचे त्यांचे धैर्य आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

शंकररावांचा जन्म कोल्हापूरकडील मराठा घराण्यात १९०६ साली झाला. सँडहर्स्ट येथील शिक्षण संपवून १९२६ साली ते सैन्यात अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या घनघोर लढाईत त्यांनी पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे नेतृत्व केले व डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळविले. त्याच ब्रिगेडमधील थिमय्या व सेन या भारतीय पलटणप्रमुखांचाही असाच गौरव झाला.

१९५३ साली कोरियातील युद्धकैद्यांच्या रक्षणार्थ गेलेल्या भारतीय सेनेचे ते प्रमुख होते. क्षुब्ध कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास पकडून ठेवले, तेव्हा शंकरराव निःशस्त्र त्यांच्या छावणीत शिरले आणि गोळी न झाडता त्याची सुटका करून परतले. या कामगिरीबद्दल त्यांस अशोकचक्र, वर्ग दुसरा, हा सन्मान लाभला.

पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना, ऑक्टोबर १९५९ मध्ये, त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाविषयी एक टिपण सेनामुख्यालयास धाडले. सीमेवरील ठाणी केवळ इशाऱ्यापुरती ठेवावी. खरा प्रतिकार मागे, आपली रसद सहज पोहोचेल व शत्रूची रसद लांबलेली असेल अशा जागी करावा, हे त्याचे सार होते. सेनाप्रमुख थिमय्या यांस ते पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मात्र ते मानले नाही. तरीही शंकररावांनी मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ हा युद्धसराव घेऊन सैन्याची व साधनांची उणीव पुन्हा दाखवून दिली. १९६१ साली ते निवृत्त झाले.

१९६२ च्या शरदात त्यांची भीती दुर्दैवाने खरी ठरली. त्या आपत्तीत पंडित नेहरूंनी त्यांस बोलावून घेतले आणि नव्या राष्ट्रीय संरक्षण समितीत सल्लागार म्हणून स्थान दिले. आपले टिपण पंतप्रधानांनी तेव्हाच प्रथम पाहिले, असे शंकररावांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. जे शब्द तीन वर्षांपूर्वी उपयोगी पडले असते, ते आता ऐकले गेले. परंतु तोवर हजारो जवान बळी पडले वा बंदी झाले होते.

१९९२ साली शंकरराव निवर्तले. आपल्या तरुणांनी त्यांच्या पदकांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण अधिकाराच्या आसनावर बसण्याचा योग आल्यास, हाताखालच्या जाणत्या माणसाचे कटू बोल ऐकण्याची सवयही लावून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.