रेव्हरंड ना. वा. टिळक : मराठी मंडळीचे भक्तकवी

रविवारच्या उपासनेत आपण ज्यांची भजने गातो, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रभूसाठी काय काय सोडले आणि काय मात्र कधीच सोडले नाही, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई जानकीबाईंपासून त्यांना भक्तीची व काव्याची गोडी लागली; पण मातृसुख त्यांना फार काळ लाभले नाही. वडील कठोर होते. बाळपणीच घर सोडून ते नाशिकला आले व तेथे संस्कृत शिकले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका त्यांची सहधर्मिणी झाली. याच आपल्या लक्ष्मीबाई.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका परदेशी मिशनऱ्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथेच खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो भारतीय पाळकाच्याच हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता.

या निर्णयाचे मोल मोठे होते. आप्त दुरावले, जात गेली आणि लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू यांचाही वियोग झाला. लक्ष्मीबाईंनी तो काळ कसा कंठला, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपण वाचलेच असेल. सुमारे साडेचार-पाच वर्षांनी त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःच्या अंतःकरणाच्या साक्षीने ख्रिस्ती झाल्या. टिळकांना त्यांची वाट पाहावी लागली. श्रद्धा कोणावर लादता येत नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे.

इतके सारे गमावूनही टिळकांनी एक गोष्ट सोडली नाही : आपली मराठी वाणी. तुकोबांच्या अभंगांवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. म्हणून परदेशी चालीच्या भाषांतरित गीतांवर त्यांचे समाधान झाले नाही. अहमदनगरला राहून त्यांनी अभंग, पदे व भजने रचली, कीर्तनातून शुभवर्तमान गाइले आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळला. तरुण बालकवी ठोंबरे यांना त्यांच्या घरी पुत्राप्रमाणे माया मिळाली. १९०९ साली त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिले.

१९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे बंधुत्वाने एकत्र आणावे, हा त्यांचा हेतू होता. अनेकांना तो रुचला नाही. ते कार्य रुजण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत ते प्रभूजवळ गेले. अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले आणि १९३६ साली त्यांच्या निधनानंतर पुत्र देवदत्तांनी ते पूर्णत्वास नेले.

वाचकहो, आपण अहमदनगरला असा, मुंबईला असा की दूर चंडीगढच्या सेक्टर ४३ मध्ये, आपल्या घरची मुले प्रभूला कोणत्या भाषेत हाक मारतात? टिळकांचे नाव भजनाच्या पुस्तकात छापलेले राहीलच. परंतु आज सायंप्रार्थनेला मुलांना जवळ बसवून त्यांचे एखादे भजन अर्थासह शिकविणे, हे मात्र आपल्या हाती आहे.